तारेचं कुंपण आणि आडवी पायवाट : एका बागेचं प्रकरण

पार्श्वभूमी

बाग साधारण दीड एकराची. कडेने जुनी मोठी झाडं, मधे हिरवळ म्हणण्यापुरती हिरवळ, आणि तीन फाटकं. त्यातलं मागचं फाटक बिजागरीतून निखळलेलं, म्हणजे कायम उघडंच. दिव्यांचे खांब सहा, पेटणारे दोन. पाण्याची एक टाकी आणि एक नळ. बाग पालिकेच्या उद्यान विभागाची. माळी एकच, आणि त्याच्याकडे आणखी दोन बागा.

सकाळी फिरायला येणाऱ्या सात जणांनी बाग सांभाळण्यासाठी गट सुरू केला. मी तिसऱ्या महिन्यात सामील झालो, त्यामुळे अगदी सुरुवातीचं जे इथे आहे ते ऐकीव आहे. नावं आणि ठावठिकाणा गाळला आहे. चुका गाळलेल्या नाहीत, कारण हे प्रकरण लिहिण्याचं कारणच त्या आहेत.

पहिलं मोठं काम ठरलं ते वृक्षारोपणाचं. एका रविवारी १२० रोपं लावली. शंभरावर माणसं आली होती, फोटो निघाले, मुलांनी रोपांना स्वतःची नावं दिली. त्या दिवशी माळीकाका टाकीच्या कठड्यावर बसून सगळं बघत होते. त्यांना कुणी काही विचारलं नाही. जाताना त्यांनी एवढंच विचारलं, "पाणी कोण घालणार?" एकाने उत्साहात सांगितलं, "आम्ही सगळे." हे उत्तर ऐकून ते का हसले, ते आम्हाला वर्षभराने कळलं.

वर्षाने मोजली तेव्हा १२० पैकी १९ रोपं जिवंत होती.

अडचण काय होती

रोपं मेली ही अडचण सगळ्यांना दिसत होती. पण त्याच्या आजूबाजूला आणखी दोन भानगडी होत्या आणि तिन्हींचा गुंता झाला होता.

एक म्हणजे आडवी पायवाट. पुढच्या फाटकापासून मागच्या निखळलेल्या फाटकापर्यंत लोक हिरवळीतून तिरके चालत. फरसबंद वाट कडेकडेने वळसा घालून जाते. लोकांना तेवढा वळसा नको असे. त्या पायवाटेवर गवताचं पातं उरलं नव्हतं. आम्हाला ते बागेच्या तोंडावरच्या व्रणासारखं वाटे, म्हणून आम्ही नेमकी तिथेच चाळीसेक रोपं लावली होती. लोकांनी ती तुडवली. मग आम्ही खुंट ठोकून तार लावली. चार दिवसांत ती कापली गेली. पुन्हा लावली, पुन्हा कापली. तिसऱ्यांदा लावलेल्या तारेचं एक टोक सुटून जमिनीलगत पडलं होतं. तिन्हीसांजेला एक आजी त्यात पाय अडकून पडल्या. मनगटाला प्लास्टर चढलं.

दुसरं म्हणजे संध्याकाळी चेंडू खेळणारी मुलं. त्यांच्याशी रोज वाद. गटाने "खेळण्यास मनाई" असा फलक लावला, तर मुलांनी त्याचाच यष्टी म्हणून उपयोग केला. आज हसू येतं. तेव्हा गटाच्या सभा दुसऱ्या कशावर होतच नव्हत्या.

आजी पडल्यानंतर उद्यान विभागाच्या अधिकाऱ्यांनी गटाला बोलावलं. त्यांचा पहिलाच प्रश्न होता, "तार कुणाला विचारून लावली?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. वर्षभर आम्ही त्या जागेत खड्डे खणले, खुंट ठोकले, फलक लावले, आणि एकाही गोष्टीची लेखी परवानगी घेतली नव्हती. बाग "आपली" म्हणताना ती कायद्याने कुणाची आहे हे आम्ही विसरूनच गेलो होतो.

रोपं का मेली

हा भाग जरा सविस्तर लिहितो, कारण "लोकांनी पाणी घातलं नाही" एवढ्यावर बहुतेक गट थांबतात.

पाण्याची पाळी चौथ्या आठवड्यात मोडली, हे खरंच. पण मेलेली रोपं उपटून पाहिली तेव्हा निराळंच दिसलं. मी उपटलेलं पहिलं रोप अलगद हातात आलं, आणि मुळांचा गोळा जसाच्या तसा पिशवीच्या आकाराचा होता. मुळं त्या गोळ्यातच गोल गोल फिरून एकमेकांत अडकली होती. एक पांढरं मूळही बाहेरच्या मातीत शिरलं नव्हतं. पुढच्या तीन रोपांना तर काळी प्लॅस्टिकची पिशवीच तशी होती. गर्दीच्या घाईत कुणी ती फाडलीच नव्हती.

मग माळीकाकांनी एक लोखंडी सळई आणून पायवाटेजवळ रोवायला सांगितली. एका तरण्या मुलाने अंगाचा भार टाकला. सळई बोटभर आत गेली आणि थांबली. कडेच्या झाडाखाली, पालापाचोळा साचलेल्या जागी तीच सळई हाताच्या जोराने वीतभर गेली. वर्षानुवर्षं पायाखाली दबलेल्या मातीत हवेच्या पोकळ्या उरत नाहीत, पाणी मुरत नाही, कोवळं मूळ आत घुसू शकत नाही. अशा जमिनीत अरुंद, खोल खड्डा खणला की त्याच्या भिंती कुंडीसारख्या होतात. पावसात त्यात पाणी तुंबतं आणि मुळं गुदमरतात. पाऊस गेला की तीच कुंडी वाळून टणक होते. आम्ही १२० कुंड्या खणल्या होत्या.

याशिवाय रोपं खोल लावली होती. "घट्ट बसावीत" म्हणून खोडाभोवती मातीचा ढीग केला होता. खोड जिथे मुळात रूपांतरित होतं तो भाग मातीबाहेर राहिला पाहिजे. तो पुरला की साल ओली राहून कुजते. जगलेली १९ रोपं बहुतेक कडेला, सावलीतल्या भुसभुशीत जमिनीतली होती.

पर्याय

आजी पडल्यानंतरच्या सभेत चार पर्याय समोर होते.

पहिला, पक्कं कुंपण, मागचं फाटक कायम बंद, तिन्हीसांजेनंतर कुलूप. गटातल्या निम्म्याहून जास्त लोकांचा कौल याला होता. मीही त्यातच होतो. "लोकांना शिस्त नाही" हे वाक्य त्या सभेत इतक्यांदा आलं की कुणीतरी शेवटी चिडून म्हणालं, "लोक म्हणजे कोण? आपण कोण आहोत मग?"

दुसरा, एका कंपनीने देऊ केलेला सांभाळ. दिवे, बाकं, सुरक्षारक्षक सगळं त्यांचं. बदल्यात फाटकावर त्यांचं नाव आणि बागेतल्या कार्यक्रमांचा हक्क. हा प्रस्ताव गटाने जवळजवळ चर्चा न करताच नाकारला. आज मला वाटतं, तो इतक्या ताठ्याने नाकारायला नको होता. कार्यक्रमांचा हक्क वगळून फक्त दिव्यांसाठी मदत मागता आली असती. आमच्या अहंकारापायी मागचं फाटक आणखी वर्षभर अंधारात राहिलं.

तिसरा, फक्त सफाई करायची आणि बाकी पालिकेवर सोडायचं.

चौथा पर्याय एका निवृत्त शिक्षिकेने मांडला. त्या गटात नवीन होत्या. त्या म्हणाल्या, "बागेत कोण येतं, कधी येतं, कुठे बसतं, हे आपल्यापैकी कुणाला माहीत आहे? सकाळी सहा ते आठ सोडून?" कुणी बोललं नाही. आम्ही सगळे सकाळचे फिरणारे. आमची बाग सकाळची होती.

पहिला निर्णय : आधी मोजायचं

सात दिवस, सकाळी सहा ते रात्री नऊ, दर तासाला एक फेरी. कागदावर बागेचा ढोबळ नकाशा आणि त्यावर खुणा. बाई की पुरुष, अंदाजे वय, बसलेले की चालणारे, कुठे. खेळणाऱ्या मुलांना निराळी खूण. प्रश्न कुणालाच विचारायचे नाहीत, फक्त बघायचं. ही कल्पना नवी नव्हती. शहरांतल्या सार्वजनिक जागांचे अमेरिकी अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी १९७० नंतरच्या दशकात न्यूयॉर्कमधल्या छोट्या चौकांत कॅमेरे लावून हेच केलं होतं. लोक तिथेच बसतात जिथे बसायला जागा असते, असा त्यांचा निष्कर्ष होता. वाचताना तो बाळबोध वाटतो, पण बाकं कुठे ठेवली जातात ते पाहिलं की वाटत नाही. एखाद्या जागेत बायकांचं प्रमाण घसरलं की ती जागा कुठेतरी बिघडली आहे, असंही त्यांचं निरीक्षण होतं. म्हणून आमच्या कागदावर तो रकाना होता.

आठवडाभराने सगळे कागद जमिनीवर पसरले तेव्हा आमच्या बऱ्याच समजुती तिथल्या तिथे मोडल्या. आडव्या पायवाटेवर सर्वांत जास्त ये-जा होती ती पहाटपाळीला जाणाऱ्या कामगारांची आणि शाळेच्या मुलांची. ते बागेत "येत" नव्हते, बागेतून "जात" होते, म्हणून आमच्या हिशेबात ते कधी धरलेच गेले नव्हते. बाकं दुपारभर रिकामी, कारण ती भर उन्हात. लोक सावलीतल्या कठड्यावर वर्तमानपत्र अंथरून बसत. चेंडू खेळणारी मुलं फारतर पंधरा, आणि त्यांची वेळ दोन तासांची. ज्येष्ठांशी त्यांची गाठ पडे ती त्यातला एक तासच. ज्या भांडणावर आमच्या सहा सभा गेल्या होत्या ते दिवसातल्या एका तासाचं होतं.

आणि मागच्या फाटकाजवळ, तिन्हीसांजेनंतर, सातही दिवस, बायकांच्या रकान्यात एकही खूण नव्हती. हा प्रश्न कुणी कधी मांडलाच नव्हता, कारण ज्यांचा तो होता त्या तिथे येतच नव्हत्या.

काय केलं

पायवाट मान्य केली. सभेत याला विरोध झाला. "उद्या कुणीही कुठूनही चालेल" वगैरे. पण कामगारांना दिवसातून दोनदा वळसा घालायला लावून आम्ही नक्की कशाचं रक्षण करतो आहोत, याचं उत्तर कुणाला देता येईना. तारा काढल्या. विभागाने खडी-माती दाबून सुमारे दीड मीटर रुंदीची पक्की वाट करून दिली. गंमत अशी की वाट पक्की झाल्यावर दोन्ही बाजूंचं गवत आपोआप उगवलं. वाट नीट असली की माणसं चिखल चुकवायला कडेने चालत नाहीत, त्यामुळे ती फैलावत नाही.

मुलांशी बोलणं त्या शिक्षिकाबाईंनी केलं. त्यांनी फलक काढून मुलांच्याच हातात दिला आणि विचारलं, "यावर काय लिहू?" मुलांनी सुचवलेले नियम आमच्यापेक्षा कडक होते. पाच ते साडेसहा, पश्चिमेचा अर्धा भाग, चुन्याची रेघ, मऊ चेंडू. रेघेपलीकडे चेंडू गेला तर आधी समज. पुन्हा गेला तर चेंडू माळीकाकांच्या खोलीत दुसऱ्या दिवसापर्यंत जमा. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते अशाच सामायिक गोष्टींच्या अभ्यासासाठी. कुरणं, मासेमारी, पाटाचं पाणी लोक पिढ्यान्‌पिढ्या कसं सांभाळतात, हे त्यांनी जगभरच्या उदाहरणांतून दाखवलं. ज्यांना नियम पाळायचे त्यांचा नियम करण्यात हात असणं, आणि शिक्षा पायरीपायरीने वाढणं, ही त्यांच्या यादीतली दोन सूत्रं. मुलांनी ती न वाचताच लिहून दिली. वर्षभरात चेंडू जमा झाल्याचे प्रसंग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

पाल्याचं प्रकरण मात्र लांबलं. माळीकाका वाळलेला पाला जाळत. गटाने त्याबद्दल विभागाकडे तक्रार केली होती, त्यांच्याशी एक शब्दही न बोलता. मोजणीच्या आठवड्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांना कारण विचारलं. ते म्हणाले, "गाडी महिन्यातून एकदा येते. तोवर ढीग ठेवला तर तुम्हीच म्हणणार साप निघतील. मग मी काय करू, ताई?" तक्रार मागे घेतली. जाळीचे मीटरभर लांब-रुंद-उंच असे चार पिंजरे करून त्यात पाला साठवायला सुरुवात केली. पहिला पिंजरा पाच महिने जसाच्या तसा राहिला. नुसता वाळका पाला भरला होता. कुजवणाऱ्या जिवाणूंना कार्बनाच्या जोडीला नायट्रोजन लागतो. मिश्रणात साधारण २५ ते ३० भाग कार्बनाला एक भाग नायट्रोजन हवा, आणि नुसत्या वाळक्या पाल्यात तो त्याहून बराच कमी असतो. गवताची ओली कापणी थरांत घातली, आणि मूठ आवळल्यावर थेंब यावा इतपत ओल ठेवली, तेव्हा दुसऱ्या पिंजऱ्यात हात घालवेना इतकी धग तयार झाली. त्या दिवशी माळीकाकांनी स्वतः येऊन सगळ्यांना ढिगात सळई घालून दाखवली. बाहेर काढलेली सळई हातात धरवत नव्हती.

दुसऱ्या लागवडीत फक्त तीसच रोपं लावली. रुंद खड्डे, मुळांच्या गोळ्याच्या दोन-तीन पट. खोली मात्र गोळ्याएवढीच. गोल फिरलेली मुळं हाताने मोकळी केली. वर पाल्याचं ५ ते १० सेंटीमीटर आच्छादन, खोडापासून चार बोटं लांब. प्रत्येक रोपाला दोन पालक. एक का नाही, ते पुढे येईल. दोन वर्षांनी तीसपैकी चोवीस उभी होती. फोटो फार कमी निघाले.

मागच्या फाटकाजवळ झुडपं कमरेखाली छाटली, खालच्या फांद्या डोक्यावर उचलल्या, म्हणजे आरपार दिसावं. दिवे लागायला नऊ महिने आणि सतरा पत्रं लागली.

करार

हे सगळं चालू असताना विभागाबरोबर लेखी करारासाठी खेटे चालूच होते. अकरा महिने गेले. गटातल्या काहींना हा वेळेचा अपव्यय वाटे. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कसाठी नागरिकांची संस्था १९८० मध्ये उभी राहिली, आणि शहराशी तिचा औपचारिक व्यवस्थापन करार झाला तो १९९८ मध्ये, हे मी तेव्हा सभेत सांगत असे. त्या मानाने आमचे अकरा महिने काहीच नव्हेत. हा दिलासा फारसा कुणाला पटला नाही.

करारात मोठं काही नव्हतं. गटाने काय करायचं आणि काय नाही : हात पोचेल त्याहून उंच छाटणी नाही, रसायनं नाहीत, विजेला हात नाही. कुणाला लागलं तर जबाबदारी कुणाची. महिन्यातून एकदा एकत्र फेरी. आणि एक ओळ, जी शिक्षिकाबाईंनी हट्टाने घालायला लावली : बागेत कोणत्याही विभागाचं खोदकाम व्हायचं असेल तर गटाला आधी कळवलं जाईल. आम्हाला ती ओळ उगाच वाटली होती.

दुसरा निर्णय : पांढऱ्या खुणा

कळवलं कुणीच नाही. एका सकाळी पूर्वेच्या कडेला चुन्याच्या खुणा दिसल्या, मोठ्या झाडांच्या रांगेला लागून. पाणीपुरवठ्याचं पंपघर आणि जलवाहिनीचा चर. खुणा खोडांपासून जेमतेम दोन मीटरवर.

इथे पुन्हा मतभेद झाले. एक बाजू म्हणाली, उद्यापासून झाडांना मिठ्या मारून उभं राहू. दुसरी म्हणाली, न्यायालयात जाऊ. पण पाणी आसपासच्याच वस्तीला जाणार होतं, आणि त्या वस्तीतली मुलं संध्याकाळी आमच्या रेघेअलीकडे खेळत होती. पाण्याविरुद्ध झाडं अशी लढाई लावली असती तर आम्ही हरलो असतो, आणि हरायलाच हवं होतं.

म्हणून ठरलं : काम थांबवा म्हणायचं नाही, चर सरकवा म्हणायचं. त्यासाठी झाडं मोजली. झाडाची मुळं खोल जातात हा समज. पाणी शोषणारी बहुतेक मुळं वरच्या ६० सेंटीमीटर मातीत असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही पसरतात. ब्रिटिश मानक बीएस ५८३७ प्रमाणे, बांधकामापासून राखायची जागा म्हणजे छातीच्या उंचीवर मोजलेल्या खोडाच्या व्यासाच्या १२ पट त्रिज्येचं वर्तुळ. आमच्या सर्वांत मोठ्या झाडाचा घेर २५० सेंटीमीटर. म्हणजे व्यास सुमारे ८०, आणि त्रिज्या साडेनऊ मीटर. दोरीने ते वर्तुळ जमिनीवर आखून दाखवलं तेव्हा पाहणीला आलेले अभियंता बराच वेळ त्याच्या कडेला उभे राहिले. मग म्हणाले, "मग नेऊ कुठून?"

उत्तर आमच्या पायाखालीच होतं. आडवी वाट झाडांपासून सर्वांत लांब होती, तिथली माती आधीच दबलेली होती, आणि तिच्याखाली एकही मोठं मूळ नव्हतं. मोजणीच्या कागदांवरून लोकांची ये-जा कोणत्या तासांत कमी असते तेही सांगता आलं, म्हणजे काम त्या वेळात करता येईल. पंपघर जुन्या पडक्या कोठाराच्या जागी गेलं. ज्या वाटेवर आम्ही तीनदा तार लावली होती, तिच्याखालून जलवाहिनी गेली.

काय हाती लागलं, काय गेलं

पूर्वेच्या रांगेतली पाच झाडं वाचली. सहावं गेलं.

कोपऱ्यावर चराला वळण घ्यावं लागणार होतं, त्या झाडापासून तीन मीटरवर. तिथे हाताने खणायचं आणि मुळाखालून नळ सरकवायचा, असं तोंडी ठरलं होतं. ठेकेदाराचं यंत्र ठरलेल्या दिवसाच्या आदल्या दिवशी, भर दुपारी आलं. माळीकाका दुसऱ्या बागेत होते. मी पोचलो तेव्हा मातीच्या ढिगाऱ्यात मनगटाएवढी तुटलेली मुळं पडली होती, आतून पांढरीशुभ्र, ओली. यंत्रचालकाचा दोष नव्हता. त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

झाड त्या वर्षी हिरवंगार राहिलं. आम्ही सुटकेचा निःश्वासही टाकला. पुढच्या वर्षी शेंड्याच्या फांद्या वाळल्या, तिसऱ्या वर्षी सालीवर बुरशीची छत्रं आली, आणि वाऱ्यात पडून कुणाला लागेल म्हणून विभागाला ते कापावं लागलं. मुळं तुटल्याचा हिशेब झाड असा उशिरा, हप्त्याहप्त्याने देतं.

दोन वर्षांनी तीच सात दिवसांची मोजणी पुन्हा केली. दुपारी बसणारे वाढले, कारण तोवर चार बाकं सावलीत हलवली होती. मागच्या फाटकाजवळ तिन्हीसांजेनंतर बायकांच्या रकान्यात खुणा आल्या. फार नाहीत, काही संध्याकाळी दोन, काही संध्याकाळी पाच. रात्री आठनंतर तो रकाना अजूनही कोराच.

गट मात्र आटला. सुरुवातीला नियमित येणारे चौतीस होते, ते नऊवर आले. मधे एक ताई, ज्या किल्ल्या, पाण्याची पाळी आणि पत्रव्यवहार असं सगळं एकट्या सांभाळत, घरच्या आजारपणामुळे तीन महिने आल्या नाहीत. तीन महिन्यांत पाण्याची पाळी कोलमडली आणि टाकीच्या खोलीची किल्ली कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तेव्हापासून प्रत्येक कामाला दोन माणसं. रोपाला दोन पालक, ते त्यामुळेच.

आज करायचं तर

लागवडीच्या आधी मोजणी, आणि मोजणीच्याही आधी माळीकाका. त्यांना पहिल्या दिवशी सोबत घेतलं असतं तर सळई वर्षभर आधी जमिनीत रोवली गेली असती, आणि पाणी कोण घालणार या प्रश्नाला "आम्ही सगळे" हे उत्तर त्यांनी चालू दिलं नसतं.

परवानगीही पहिल्याच महिन्यात. करारात नुसतं "कळवलं जाईल" असं नाही, तर कोण, कोणाला, किती दिवस आधी, आणि खोदकामाच्या वेळी कोण हजर राहणार, हेही. आमच्या ओळीत यातलं काहीच नव्हतं, म्हणून ती वेळेला उपयोगी पडली नाही.

आणि कुंपण. ते आम्ही माणसांच्या वाटेवर तीनदा लावलं. खोदकामाच्या आठवड्यात कोपऱ्यावरच्या झाडाभोवती तेच खुंट आणि तीच तार लावायला एक सकाळ पुरली असती. यंत्रचालक थांबला असता आणि त्याने निदान विचारलं असतं. तारेचं भेंडोळं तेव्हा टाकीच्या खोलीत पडून होतं. हे कुणाच्याही डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही.

कापलेल्या झाडाचा बुंधा अजून आहे, गुडघ्याएवढा उंच. विभागाला तो मुळासकट काढून जागा सपाट करायची आहे. संध्याकाळी मुलं त्यावर बसून बुटाच्या नाड्या बांधतात, आणि दुपारी ती पडलेली आजी काठी टेकून तिथे थांबते, कारण वाटेत बसायला दुसरी जागा नाही. गटात याबद्दल दोन मतं आहेत. पुढच्या महिन्याच्या फेरीत विषय घ्यायचा ठरलं आहे. तोवर बुंध्यावर कोण, कधी, किती वेळ बसतं, त्याचा कागद माळीकाकांच्या खोलीच्या दाराला अडकवला आहे.